काठीने घेतलेलं माप

उद्घाटन अकराला होतं, पण पावणेदहालाच महाविद्यालयाच्या सभागृहाबाहेर चपला-बुटांचा ढीग पडला होता. तिथं इतिहास शिकवणाऱ्या महेश्वरीने दारावर स्वतःच्या हाताने पाटी लिहून लावली होती : 'पादत्राणे बाहेर काढावीत. आत पावलांवर पाय ठेवायचे आहेत.'

दोन दिवसांपूर्वी वर्तमानपत्राने तिच्या पणजोबांच्या, ईरप्पांच्या, एकवीस मापवह्यांची बातमी छापली होती आणि सोबत पानभर नावंही दिली होती. चाळीस वर्षांत ज्यांनी ईरप्पांकडून जोडे करून घेतले, त्या सोलापूरकरांची नावं. ती वाचून लोक शोधत आले होते. कुणाचा आजा, कुणाचा चुलता, कुणाच्या सासऱ्याचे वडील. फरशीवर प्रत्येक पावलाचा मूळ आकाराचा ठसा चिकटवला होता आणि भिंतीवर त्याची माहिती होती. साखरपेठेतून आलेल्या एका बाईंनी आपल्या आजोबांच्या पावलात पाय ठेवला आणि मोठ्याने ओरडल्या, "अगं बाई! अंगठ्याशेजारचं बोट लांब! आमच्या घरात सगळ्यांचं असंच हाय की!"

महेश्वरीला काय करू आणि काय नको असं झालं होतं. तीन वर्षं तिने या वह्या चाळल्या होत्या. ईरप्पा जातीने समगार, पिढीजात चामड्याचं काम करणारे. अक्षर कानडी लिहायचे, भाषा निम्मी मराठी. पावलाची रेघ, नाव, गल्ली, आणि खाली गिऱ्हाइकाने काय मागितलं ते. तेवढ्या ओळींत सगळं गाव येऊन बसलं होतं. मिलमधल्या एका माणसाची तीन पावलं तिने शेजारीशेजारी लावली होती. पहिलं बदली कामगार असतानाचं, पंजा पसरट, बोटं फाकलेली : 'साधी वहाण, टायरचा तळ.' दुसरं कायम झाल्यावरचं : 'पट्ट्याची सँडल.' तिसरं जॉबर, म्हणजे मुकादम झाल्यावरचं : 'टोकदार बूट मागतो. बोटं मावत नाहीत. तरी पाहिजे म्हणतो.' त्याच्या पलीकडे एक वकील होते : 'वरून नवं दिसावं. तळ बदलू नको म्हणाले. कोर्टात तळ कोण बघतो.'

लोक वाचत होते, हसत होते, एकमेकांना हाका मारून दाखवत होते.

"महेश्वरी!"

तिचे वडील, प्रभु, शेवटच्या भिंतीपाशी उभे होते. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर पाहुण्यांसाठी आणलेली शाल, आणि चेहरा उतरलेला.

"हे काय लावलंयस?"

तिला माहीत होतं ते काय आहे. बाकीच्या पावलांच्या रेघा एका दमात काढलेल्या, स्वच्छ होत्या. ही एकच रेघ थरथरत गेली होती, टाचेपाशी तुटून पुन्हा सुरू झाली होती. कागदामागे ईरप्पांनी एकच शब्द लिहिला होता : 'कोलिनिंद'. काठीने. भिंतीवर महेश्वरीने लिहिलं होतं : 'सोलापूरला येण्याआधीच्या आमच्या गावचे देसाई, १९५५. पायाला हात लागू नये म्हणून काठीला पेन्सिल बांधून, लांबून घेतलेलं माप.'

"खरं आहे ते, पप्पा."

"तुला कुणी सांगितलं? तू होतीस तिथं?"

"मागं लिहिलंय की."

"एक शब्द लिहिलाय. एका शब्दावर तू आज त्यांच्या नातवाच्या तोंडावर हे मारणार?"

तेवढ्यात प्रभुचा धाकटा भाऊ श्रीशैल आला. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधला हसरा माणूस, सकाळच्या गाडीने आला होता. त्याने पाटी वाचली आणि त्याचं हसू गेलं. "दादा म्हणतोय ते बरोबर हाय, महे. वीरभद्र देसाई प्रमुख पाहुणे म्हणून यायलेत, आपल्यासाठी यायलेत. चार दिवसांनी लाव की पाटी. पळून जाते का ती?"

महेश्वरीने आईकडे बघितलं. श्रीदेवी हार-गुच्छांच्या टेबलाशी होती. तिने मान फिरवली आणि हळूच म्हणाली, "होटगी रोडच्या कॉम्प्लेक्समधला कोपऱ्याचा गाळा देसाईंनी तुझ्या पप्पांना शब्दावर ठेवलाय. एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

तीन जण एकीकडे आणि ती एकटी. अज्जी, नीलम्मा, खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. ईरप्पांची ती एकुलती एक लेक. तिचा नवरा शंकरप्पा घरजावई म्हणून आला होता आणि त्याच्या मागे दोन मुलांच्या संसारात तीच घरातली मोठी होती. महेश्वरीने तिच्याकडे आशेने बघितलं. अज्जीने पदराने तोंड पुसलं आणि नजर फरशीवरच्या पावलांकडे वळवली.

"काढणार नाही," महेश्वरी म्हणाली. "पाटी काढायची तर सगळं प्रदर्शन काढा."

*

प्रभुला मुलीवर हात उचलावासा वाटला नाही, रडावंसंही वाटलं नाही. त्याला फक्त वाटलं की ही पोर त्याच्या हातातली एक चांगली गोष्ट काढून घेते आहे.

तिसरीत असल्यापासून त्याला एक गोष्ट माहीत होती. गावच्या देसाईंनी त्याच्या आजोबांना चारचौघांत शाल पांघरली होती. काय कारागीर आहे म्हणून. ही गोष्ट त्याने शाळेत सांगितली, कॉलेजात सांगितली, 'प्रभु फुटवेअर'चं दुकान टाकलं तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितली. गेली तीस वर्षं त्याच्या हाताला चामडं टोचायची आरी लागली नव्हती. दुकानात माल कंपन्यांचा, खोक्यातला. कुणी विचारलं, काय करता, तर तो म्हणायचा, व्यापार. आणि कुणी अडवून विचारलंच, तुम्ही समगार ना, तर तो शालीची गोष्ट सांगायचा. मग पुढचा माणूस गप्प बसायचा. ती गोष्ट त्याने एखाद्या चांगल्या बुटासारखी वापरली होती. ती घातल्याशिवाय तो घराबाहेर पडला नव्हता.

अकराला पाच कमी असताना गाडी आली. वीरभद्र देसाई उतरले. पंचेचाळीसचे, उंच, बोलायला गोड. दारापाशी पाटी वाचून ते दिलखुलास हसले, खुर्चीवर बसले आणि आपले तपकिरी चामड्याचे बूट काढले. ते प्रभुनेच दिवाळीला दिले होते. पुण्याहून मागवलेले, घट्ट बसणारे.

"प्रभुअण्णा, बघा, तुमच्यासाठी अनवाणी झालो."

सगळे हसले. दाराच्या आतच रिबीन बांधली होती, पण गर्दीने ती एका बाजूला सरकवली होती. देसाई तिच्याखालून वाकून आत आले, जॉबरची पावलं बघून 'वा वा' म्हणाले, वकिलांची पाटी वाचून टाळी दिली. एकेक पाऊल पुढे येत होते. प्रभु त्यांच्या शेजारून चालत होता.

ते शेवटच्या भिंतीपाशी आले. वाचलं. पुन्हा वाचलं.

"मॅडम, हे तुम्ही लिहिलंय?" त्यांनी महेश्वरीला विचारलं.

"हो."

"हे काढून टाका. आत्ता." आवाज अजून गोडच होता. "आमच्या आजोबांनी तुमच्या पणजोबांना शाल दिली होती. हे माझं म्हणणं नाही. प्रभुअण्णाच सगळीकडे सांगतात. काय हो?"

साखरपेठेच्या बाई आजोबांच्या पावलात उभ्या होत्या, तिथंच थांबल्या. श्रीशैलने भावाकडे बघितलं. श्रीदेवीने हातातला हार टेबलावर ठेवला.

"व्हय," प्रभु म्हणाला. "शाल दिली होती."

"मग झालं. काढा."

महेश्वरी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. ती हलली नाही. प्रभुने पाटीकडे हात नेला, तिच्या खांद्यावरून.

"प्रभ्या, सुम्निरु. गप बस."

*

नीलम्माला उभं राहायला वेळ लागला. गुडघे ऐकत नव्हते. पण ती उभी राहिली आणि चालत भिंतीपर्यंत आली, तेव्हा तिला वाटलं की इतकी माणसं आपल्याकडे बघतायत, असं लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

"शाल न्हवती," ती म्हणाली. "शाल मी सांगितली."

"अव्वा..."

"तू तिसरीत होतास. शाळेतनं रडत आलास. पोरं काय काय म्हणत होती, ते तू सांगंनास, पण मला कळलं. म्हटलं, रडू नको, तुझ्या आज्जाला देसायानं शाल दिलीय. तू गप झालास. जेवलास. मग रोज विचारायचास, शाल कसली होती, रंग कसला होता. मी सांगत गेले. खरं सांगायचं राहूनच गेलं बघ." तिने लेकाच्या दंडाला हात लावला आणि मग पाहुण्यांकडे वळली. "साहेब, मी नऊ वर्षांची होते. अप्पासंगट वाड्यावर मीच गेले होते. गल्लीच्या तोंडालाच वहाणा काढायच्या, काखेत मारायच्या आणि मग पुढं जायचं. वहाणा करणारं आमी, घालायच्या न्हाईत आमी. माप घ्यायचं तर पायाला बोट लागू द्यायचं न्हाई. मग अप्पानं काठीला सुतळीनं पेन्सिल बांधली. कागद उडू नये म्हणून मी चार कोपऱ्यांना चार खडे ठेवले आणि लांब सरकले. तुमचे आज्जा कागदावर उभारले. अप्पा दीड हातावरनं रेघ काढायला लागला. हात हलायचा. घामानं सुतळी ढिली व्हायची. हीच रेघ हाय ती."

"अज्जी," देसाई म्हणाले, "जुन्या काळात सगळीकडेच..."

"थांबा की साहेब, खरी मजा पुढंच हाय."

आणि नीलम्मा हसली. महेश्वरीने तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं, दातांच्या फटी दाखवत, पोरीसारखी.

"माप झाल्यावर तुमच्या आज्जानी सांगितलं, 'ईऱ्या, असं जोडं कर, की मी वाड्यातनं पाऊल टाकलं की गावाला कळलं पायजे.' करकर वाजणारं जोडं. तेवाचा मोठेपणा त्यो! जेवढा मोठा माणूस तेवढा मोठा आवाज. तळाच्या आत सुक्या कातड्याची एक पट्टी घालायची, म्हंजे चाललं की वाजतं. अप्पा म्हणाला, 'जी, करतो.' घरी आला आणि एक न्हाई, तीन पट्ट्या घातल्या! आई म्हणाली, अवं, येडं झालाव का? अप्पा म्हणाला, मोठ्या माणसाचं काम हाय, कमी कशाला करू?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"जोडं काय वाजायचं! करकर, करकर. दोन गल्ल्या पलीकडं ऐकू यायचं. देसाई लई खूश. पंचक्रोशीत कुणाचं असलं जोडं न्हाई. आणि आमी त्यांच्यापेक्षा खूश!"

"तुम्ही का?" साखरपेठेच्या बाईंना राहवलं नाही.

"का म्हंजे? आधी देसाई कुठनं कधी यील, नेम नसायचा. मग भीतीनं दिवसभर वहाणा काखेतच. चैतातली माती, पाय पोळून फोड यायचं. आता आवाज आधी यायचा, देसाई मागनं! करकर न्हाई, म्हंजे देसाई न्हाई. सगळी गल्ली मजेत वहाणा घालून हिंडायची. आवाज आला की काढायच्या, गेला की घालायच्या. अप्पा म्हणायचा, मी बैलाच्या गळ्यात घंटा बांधलीय, आणि बैलानंच मला वर चार शेर जवारी दिलीय!"

सभागृहात हशा फुटला. कुणीतरी शिट्टी मारली. श्रीशैल भिंतीला हात टेकून हसत सुटला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तीन पट्ट्या!" तो म्हणत होता, "आज्जा, तीन पट्ट्या!" श्रीदेवीने पदर तोंडाला लावला होता, पण तिचे खांदे गदगदत होते.

प्रभु एकटा हसत नव्हता. तो त्या थरथरत्या रेघेकडे बघत होता.

*

वीरभद्र देसाई लाल झाले होते. ते हसले असते तर सगळं तिथंच निभावलं असतं. त्यांनाही ते कळलं असावं, कारण त्यांचे ओठ एकदा हलले. पण हसू आलं नाही. ते वळले आणि अनवाणी दरवाजाकडे चालू लागले. गर्दीने वाट दिली.

दारापाशी खुर्चीवर बसून ते बूट चढवू लागले. बूट घट्ट होते. टाच आत जाईना. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. आतली माणसं बघत होती आणि बाहेर ड्रायव्हर बघत होता.

प्रभु त्यांच्यामागून आला होता. तीस वर्षं त्याने हेच बघितलं होतं. गिऱ्हाईक बसतं, टाच अडते, आपण वाकायचं. शर्टाच्या खिशात बूट चढवायची स्टीलची पट्टी होती, ती कायमच असायची. त्याचा हात खिशात गेला आणि गुडघे आपसूक वाकले. अर्ध्यावर आल्यावर त्याला कळलं, आपण काय करतोय.

तो तसाच, अर्धा वाकलेला, क्षणभर थांबला. मग सरळ झाला. खिशातली पट्टी काढली आणि उभ्यानेच पुढे धरली.

देसाईंनी वर बघितलं. पट्टी घेतली नाही. बोटांनी टाच कोंबली, नाडी तशीच सोडून उठले.

"कोपऱ्याच्या गाळ्याचं नंतर बोलू, प्रभुअण्णा."

"नंतर नको, साहेब," प्रभु म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "दुसऱ्या कुणाला देऊन टाका. माझं जुनं दुकान हाय की चांगलं."

गाडी गेली. प्रभु वळला तर समोर श्रीदेवी. दोन वर्षं तिने त्या गाळ्याची स्वप्नं बघितली होती, काचा कुठल्या, दिवे कुठले. आता ही काय म्हणणार, म्हणून तो उभा राहिला.

"शाल खांद्यावरच राहिली की तुमच्या," ती म्हणाली. त्याच्या खांद्यावरची शाल तिने काढून घेतली, आत जाऊन सासूला पांघरली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा स्वतःच लाजली.

"आणि रिबीन?" महेश्वरीने विचारलं. तिचं नाक लाल झालं होतं.

"अगं, दोनशे माणसं आत आलीत, आता रिबीन कुणाला अडवायलीय!" श्रीशैलने ती एका झटक्यात ओढली आणि पोरांच्या अंगावर टाकली. "दादा, मघाशी मी तुझ्या बाजूनं बोललो ते सोड. मी चुकलो."

"मी तरी कुठं बरोबर होतो?" प्रभु म्हणाला.

*

गर्दी वाढत गेली. जे आपल्या आजोबाचं पाऊल शोधायला आले होते, त्यांना आता स्वतःचंही हवं होतं. साखरपेठेच्या बाईंनी हट्टच धरला, "माझं पण काढा की! माझ्या नातवंडांनी उद्या बघायला नको?"

महेश्वरीने कोरा कागद आणला, पेन्सिल घेतली आणि बाईंच्या पायाभोवती रेघ ओढायला लागली. इतिहास शिकवणारी ती. वह्या वाचणं वेगळं आणि माप घेणं वेगळं.

प्रभुने थोडा वेळ बघितलं. मग त्याला बघवेना.

"तिरकी धरू नको. तिरकी धरलीस की माप वाढतं. सरळ, उभी, पायाला चिकटून. हे असं नव्हे गं, आण इकडं."

त्याने पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि फरशीवर मांडी घातली. डाव्या हाताने बाईंचा घोटा धरला, उजव्या हाताने पेन्सिल टाचेवरून फिरवली, खळग्यात आत नेली, पाचही बोटांवरून काढून परत टाचेला आणून मिळवली. एका दमात. रेघ कुठं हलली नाही. वडिलांनी, शंकरप्पाने, लहानपणी शिकवलेलं, विसरलो असं त्याला वाटत होतं.

"नाव?" त्याने वर न बघता विचारलं.

मग रांगच लागली. कॉलेजची पोरं, प्राचार्य, चहावाला. महेश्वरी नावं लिहीत होती, श्रीशैल रांग लावत होता आणि आपण रेल्वेत आहोत हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होता. साडेबाराला महेश्वरीला एकदम काहीतरी सुचलं. तिने वह्यांची यादी वरपासून खालपर्यंत बघितली, पुन्हा बघितली.

"अज्जी, एकवीस वह्यांत तुझं पाऊल कुठंच नाही."

"घरच्याचं माप कोण घेतं?" नीलम्मा म्हणाली. "उरलेल्या कातड्यातनं अंदाजानं करायचा अप्पा. कधी मोठी व्हायची, कधी लहान. चालायचं."

प्रभुने पेन्सिल खाली ठेवली. "अव्वा, हिकडं ये."

"आता कशाला रे? रांग खोळंबलीय."

"खोळंबू दे."

रांगेतल्या पोरांनीच खुर्ची सरकवली. नीलम्मा बसली. प्रभुने तिचा पाय हातात घेतला. टाचेला भेगा होत्या, अंगठ्याचं नख जाड झालं होतं, आणि पाऊल त्याच्या तळहाताएवढंच होतं. इतकं लहान असेल, हे त्याला माहीत नव्हतं. पेन्सिल खळग्यात गेली तशी ती पाय ओढून हसायला लागली.

"गुदगुल्या व्हायल्यात, प्रभ्या!"

"हलू नको. रेघ हलते." दोन्ही पावलं काढून झाल्यावर त्याने कागद सरळ केला आणि खाली ईरप्पांसारखं लिहायला सुरुवात केली. नाव, नीलम्मा. गल्ली. "बोल आता, काय करायचं तुला? मऊ तळाची चप्पल करतो. आरी आहे अजून माळ्यावर. मीच करणार."

"चप्पल नको."

"मग?"

नीलम्माने इकडंतिकडं बघितलं. मग खाली वाकून, पण सगळ्यांना ऐकू गेलंच, ती म्हणाली, "टाचेची कर. त्या बँकेतल्या बाया घालतात की, तसली. दोन बोटं टाच."

"अव्वा! अठ्ठ्याहत्तर वय हाय तुझं. पडशील!"

"पडंन की. माझं पाय हायत."

"एक बोट."

"दोन."

"दीड. त्याच्यावर न्हाई. गुडघे बघ तुझे."

नीलम्माने आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. रांगेतली माणसं पुढं झुकून ऐकत होती.

"दीड," ती म्हणाली. "पण तांबडी."

प्रभुने 'दीड बोट टाच, तांबडी' असं लिहिलं, आणि मग पेन्सिल कानावर खोवून तिचा पाय पुन्हा मांडीवर घेतला, कारण टाचेच्या जोड्याला वरूनही माप घ्यावं लागतं.